आमचं सगळं उघडं, तुमचं सगळं पीडीएफ

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. दोन-तीन विषय डोक्यात घोळत होते, पण कागदावर उतरत नव्हते. (घोलवडच्या मावशीचा फोनवर टोमणा : "तुझा ब्लॉग बंद पडला का रे?" मावशी, हे तुझ्यासाठीच.) आज मात्र राहवत नाही, म्हणून एका बैठकीत खरडतोय. जरा तिखट होईल. सांभाळून घ्या.

झालं असं, की मागच्या महिन्यात पुण्यात एका चर्चासत्राला गेलो होतो. विषय - राज्य सरकारातली खुली माहिती : संधी आणि आव्हानं. गारेगार सभागृह, चहाबरोबर दोन प्रकारची बिस्किटं, पडद्यावर जिल्ह्याजिल्ह्यांचे रंगीत नकाशे. एक वक्ते म्हणाले, "डेटा म्हणजे नवं तेल आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. सवयच आहे, माझं पोटच डेटाबेसवर चालतं.

मग आली आव्हानं. पहिलंच आव्हान असं : "दुर्गम, आदिवासी भागात लोकांमध्ये आकडेवारीबद्दल जागरूकता नाही." उदाहरण म्हणून नकाशावर जिथे लाल ठिपका दाखवला, तो पालघर जिल्हा. माझं आजोळ. माझ्या सगळ्या मे महिन्यांच्या सुट्ट्या जिथे चिकूच्या झाडाखाली गेल्या, तो लाल ठिपका!

तिथे बसूनच ठरवलं, की यावर लिहायचं. कारण आव्हान ते नाहीच. डहाणू-तलासरीत माहिती खुली नाही, असं मुळीच नाही. ती खुली आहे, फक्त उलटी खुली आहे. गरिबाची माहिती साऱ्या जगाला उघडी आणि सरकारच्या निर्णयाची माहिती गरिबाला बंद. पूर्वी गाड्यांना काळ्या काचा असायच्या ना, आतल्याला बाहेरचं सगळं दिसायचं आणि बाहेरच्याला काहीच नाही? तसली काच. आणि तिच्यावर 'पारदर्शकता' असा स्टिकर!

एकेक करून सांगतो.

*

आधी जरा भूगोल, पुण्या-मुंबईकडच्या नातेवाइकांसाठी. डहाणू आणि तलासरी हे कोकणाच्या पार उत्तर टोकाचे तालुके. तलासरीच्या पुढे गुजरात, बाजूला दादरा-नगर हवेली. किनाऱ्याला मच्छीमार, पट्टीला चिकूच्या वाड्या, आणि हायवे ओलांडला की डोंगर, पाडे, वारली माणसं. दोन्ही तालुके पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात येतात, म्हणजे पेसा कायदा लागू. २०११ च्या जनगणनेत तलासरीची वस्ती दीड लाखाच्या आसपास, डहाणूची चार लाखांच्या आसपास. तलासरीत तर दहातली नऊ माणसं आदिवासी.

आता गंमत बघा. १ ऑगस्ट २०१४ पर्यंत हे सगळं ठाणे जिल्ह्यात होतं. २०११ साली ठाणे हा देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होता. एक कोटी दहा लाखांहून जास्त माणसं! त्यात तलासरीचा वाटा किती? शंभरात दीडसुद्धा नाही. ठाण्या-कल्याणचं, नवी मुंबईचं, मीरा रोडचं आणि झरी गावचं मूल एकाच सरासरीत. त्यामुळे 'ठाणे जिल्ह्यात कुपोषणाचं प्रमाण अमुक टक्के' हे वाक्य तलासरीबद्दल काहीही सांगत नव्हतं. खोटं नव्हतं हो, पण खरंही नव्हतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची २०१५-१६ ची फेरी झाली तेव्हा पालघर जिल्हा अस्तित्वात आलेला होता. पण पाहणी २०११ च्या जिल्ह्यांवर बेतलेली, त्यामुळे पालघर त्यात दिसलाच नाही. तो दिसला थेट २०१९-२१ च्या फेरीत. आणि दिसला तोही वसई-विरारला पोटात घेऊन! तालुक्याचा आकडा या पाहणीत तेव्हाही नव्हता, आताही नाही. जनगणनेचं तर बोलायलाच नको. २०२१ ची झालीच नाही, त्यामुळे आजही कुठल्याही योजनेचा हिशेब मांडायचा तर बोट २०११ वरच ठेवावं लागतं. त्या वर्षी जन्मलेलं मूल आता दहावीच्या आसपास पोचलं.

चर्चासत्रातल्या त्या रंगीत नकाशांना माझा पहिला आक्षेप हाच. जिल्हा हा एकक साहेबांच्या सोयीचा आहे. पाड्यावरच्या माणसाला जिल्हा कळून काय करायचंय? त्याला कळायला हवी त्याची अंगणवाडी, त्याचा दवाखाना, त्याची आश्रमशाळा. अंगणवाडीताई प्रत्येक मुलाचं वजन मोबाइलमध्ये भरतात, म्हणजे पाड्याचा आकडा सरकारकडे असतो. तो वर वर चढत जातो आणि जाताना विरघळत जातो. बाहेर येतो तेव्हा त्याचा सरबत झालेला असतो. साखर नेमकी कुठली होती, ते शोधून दाखवा!

*

दुसरी गोष्ट भूकंपाची. यातली काही मी स्वतः पाहिली.

नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी-दापचरी भागात जमीन हलायला लागली. एकदा नाही, पुन्हापुन्हा, महिनोन् महिने. उथळ धक्के, त्यामुळे आकडा लहान असला तरी आवाज मोठा, जमिनीखाली सुरुंग फुटल्यासारखा. १ फेब्रुवारी २०१९ ला एका दिवसात अनेक धक्के बसले, त्यातला सगळ्यात मोठा ४ च्या वर. त्या दिवशी घाबरून घराबाहेर पळताना एका चिमुरडीचा जीव गेला. त्या थंडीत माणसं घराबाहेर, तंबूत झोपत होती. मी तेव्हा मावशीकडे गेलो होतो. रात्री भांडी वाजली की सगळे अंगणात. मावशी देवाचं नाव घेत, आणि मी... मोबाइलवर राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राची साईट उघडून!

साईटवर माहिती होती. तारीख, वेळ, अक्षांश, रेखांश, खोली, तीव्रता. अगदी शिस्तीत. खुल्या माहितीच्या कसोटीवर शंभरातले नव्वद मार्क. शास्त्रज्ञांनी त्या भागात यंत्रं बसवली, हजारो बारीक धक्के नोंदवले, त्यावर पुढे शोधनिबंधही आले. त्यांच्याबद्दल माझी अजिबात तक्रार नाही, त्यांनी त्यांचं काम केलं.

पण बागेत काम करणाऱ्या काकांनी मला दुसऱ्या दिवशी विचारलं, "भाऊ, मोबाइलात काय आलं?" मी म्हटलं, "३.४ चा होता, इथून पंधरा किलोमीटरवर." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ते झालं. घरात झोपू का नको, ते लिवलंय का?"

ते लिहिलेलं नव्हतं. भूकंपाचं भाकीत करता येत नाही, हे मला कळतं. पण कुडाच्या घराला धोका किती आणि विटांच्या भिंतीला किती, आश्रमशाळेची इमारत तपासली का, तपासली तर अहवाल काय, पंचनामे किती घरांचे झाले, कुणाला काय मंजूर झालं? यातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर कुठल्या ना कुठल्या फायलीत होतं. गावानिहाय यादी मी खूप शोधली, मला मिळाली नाही. ज्यांची घरं तडकली त्यांनाही ठाऊक नव्हती. मग जे व्हायचं तेच झालं. त्या रिकाम्या जागेत व्हॉट्सॅप शिरलं. 'आज रात्री बारानंतर मोठा येणार', 'धरणामुळे होतंय', 'दुसरं किल्लारी होणार'... एका माणसाने निरोप पाठवायचा आणि साऱ्या पाड्याने जागायचं.

अफवा अडाणीपणातून पसरतात असं आपण म्हणतो. मला तर तिथे असं दिसलं, की अधिकृत माणूस जिथे गप्प बसतो तिथे त्या पसरतात.

*

आता त्याच फेब्रुवारीतली दुसरी घटना. १३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना आदेश दिला, की ज्यांचे वनहक्काचे दावे नामंजूर झालेत त्यांना जमिनीवरून हटवा. देशभर हाहाकार झाला. २८ फेब्रुवारीला न्यायालयाने स्वतःच त्या आदेशाला स्थगिती दिली आणि राज्यांना विचारलं : हे दावे नामंजूर कसे केले, ते सांगा. कायद्याची पद्धत पाळली का?

म्हणजे, कारण सांगा. माझ्या आजच्या लेखाचा सगळा जीव या दोन शब्दांत आहे.

वर ज्या काकांचा उल्लेख केला, त्यांचाही दावा होता. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असलेली वनजमीन, कायदा २००६ चा, त्याप्रमाणे अर्ज केलेला. समितीने पाहणी केली, म्हाताऱ्यांचे जबाब झाले. मग फाईल वर गेली. वर म्हणजे कुठे? "वर." अनेक वर्षांनी एका कार्यालयात त्यांना तोंडी सांगितलं, "तुमचं अपात्र आहे." का? "यादीत आहे." यादी दाखवली. नाव, गाव, शेरा : अपात्र. कारणाच्या रकान्यात आडवी रेघ.

नियम काय म्हणतो? दावा नामंजूर केला तर कारणासह लेखी कळवायचं, आणि त्यावर साठ दिवसांत अपील करता येतं. उपग्रहाचं चित्र हा पूरक पुरावा, त्याच्या जोरावर बाकीचे पुरावे बाजूला सारता येत नाहीत. पण कळवलंच नाही तर साठ दिवस मोजायचे कुठून?

मी म्हटलं, चला, माहिती अधिकार टाकू. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट. आपल्या राज्यात अर्ज दीडशे शब्दांत बसवायचा आणि विषय एकच ठेवायचा, असा २०१२ पासूनचा नियम. (ब्लॉगरला दीडशे शब्द म्हणजे शिक्षाच! :) ) मुदत उलटल्यावर उत्तर आलं. 'मागितलेली माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही.' पहिल्या अपिलाला वीस रुपये. सुनावणीला काकांनी एक दिवसाची मजुरी बुडवली, मी पुण्याहून रजा टाकून गेलो. साहेब मीटिंगला गेले होते.

याच्या शेजारी दुसरं चित्र ठेवा. घरी परत येऊन मी महाभूलेखची साईट उघडली. जिल्हा, तालुका, गाव. मग शोधायची सोय - पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव. मावशीच्या वाडीचा सातबारा दोन मिनिटांत समोर. किती आर जमीन, कुणाकुणाची नावं, कुठल्या सोसायटीचा किती बोजा, सगळं. डिजिटल सहीचा हवा असेल तर पंधरा रुपये. ही सोय मोठी आहे, हे मान्यच. तलाठ्याच्या मागे सायकल मारत फिरलेल्या पिढीचा मी साक्षीदार आहे, मला तिची किंमत कळते. पण जरा विचार करा. मावशीच्या डोक्यावर कर्ज किती, हे नाशिकचा किंवा सुरतेचा कुणीही अनोळखी माणूस मध्यरात्री बघू शकतो. आणि काकांची जमीन सरकारने का नाकारली, हे खुद्द काकांना दिवसाढवळ्या बघता येत नाही!

आमचं सगळं उघडं, तुमचं सगळं पीडीएफ. तेही स्कॅन केलेलं, वाकडं, आणि जुन्या फॉन्टमधलं असलं तर शोधताही येत नाही. युनिकोडसाठी आपण ब्लॉगर मंडळींनी कधीकाळी केवढी डोकेफोड केली होती, आठवतंय?

*

आता स्वतःच्या पापाबद्दल. ते लिहिलं नाही, तर वरचं सगळं दुसऱ्याला शहाणपण शिकवणं होईल.

काही वर्षांपूर्वी मीही याच नशेत होतो. एका मोठ्या प्रकल्पासाठी आमच्या भागात भूसंपादन निघालं. नोटिसा वर्तमानपत्रात, राजपत्रात येत होत्या. बारीक अक्षरात गट नंबर आणि नावं. लोकांना कळत नव्हतं, आपली जमीन जातेय की नाही. मी म्हटलं, आपण इंजिनियर कशाला झालो? चार रविवार खर्ची घालून सगळ्या नोटिसा एक्सेलमध्ये उतरवल्या. गावानिहाय, गटानिहाय, शोधता येईल अशा. नकाशा केला आणि लिंक सगळीकडे पाठवली. मित्रांनी पाठ थोपटली.

पहिले तीन फोन आले. एकही जमीनमालकाचा नव्हता. पहिला म्हणाला, "छान काम केलंत, फक्त आदिवासी खातेदार वेगळे काढून मिळतील का?" दुसऱ्याला मोबदल्याच्या केसेस टक्केवारीवर घ्यायच्या होत्या. तिसऱ्याने मोबाइल नंबरांसह यादीचे पैसे विचारले. मी त्या रात्री लिंक काढून टाकली. पण तोवर ती किती जणांनी उतरवून घेतली होती, देव जाणे.

पाड्यावरच्या ज्यांच्यासाठी मी ते केलं, त्यांच्यापर्यंत ती लिंक पोचलीच नव्हती. त्यांना दुसऱ्या फोनवाल्याने सांगितलं, आणि आपली टक्केवारी लावून सांगितलं.

हे फक्त माझ्याच बाबतीत झालं असं नाही. कर्नाटकने २००० च्या सुमारास 'भूमी' प्रकल्पात जमिनींच्या नोंदी संगणकावर आणल्या, जगभर कौतुक झालं. २००७ मध्ये बंगळूरच्या आसपास अभ्यास करणाऱ्यांनी दाखवून दिलं, की त्या खुलेपणाचा मोठा फायदा मोठ्या जमीन खरेदीदारांनी उचलला. माहिती खुली केली की ती सगळ्यांना सारखी मिळते हा भ्रम आहे. विहीर गावात खणली तरी ज्याच्याकडे पंप आहे त्याचंच शेत आधी भिजतं.

*

इथे कुणी म्हणेल, मग बंदच ठेवायची का माहिती? नाही हो! मी उलट म्हणतोय. रोजगार हमीचंच घ्या. त्या साईटवर हजेरीपट, कामाचे दिवस, मजुरीच्या तारखा वर्षानुवर्षं सगळ्यांना दिसत होत्या. (त्या कायद्याच्या जागी डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने नवा कायदा आणला, त्यावर पुन्हा कधीतरी.) अभ्यासकांनी तेच आकडे ओढून सिद्ध केलं, की मजुरी उशिरा मिळते आणि सरकार तो उशीर कमी करून दाखवतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, २०१८ मध्ये न्यायालयाने सरकारला खडसावलं. ही खुल्या माहितीची ताकद. तिथे कुणाचं कर्तव्य उघडं पडलं? सरकारचं. उशीर कुणाचा मोजला गेला? सरकारचा.

माझी कसोटी सोपी आहे. माहिती उघडली की उत्तर कुणाला द्यावं लागतं, ते बघायचं. खुर्चीतल्या माणसाला द्यावं लागत असेल, तर ती खुली माहिती. पाड्यावरच्या माणसालाच आणखी चार जणांना उत्तरं द्यावी लागत असतील, तर ती पाळत.

आणि हल्ली तर उलट्या दिशेची घाई चाललीय. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातलं ८(१)(जे) कलमच बदललं, आणि नोव्हेंबर २०२५ पासून तो बदल लागू झाला. आधी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे का, हे त्या कलमातच तपासावं लागायचं. संसदेला किंवा विधिमंडळाला जी नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारायची नाही, अशी ओळही तिथे होती. ती गेली. आता 'वैयक्तिक माहिती' एवढं म्हटलं की कारकुनाचं काम झालं. जनहितासाठी ८(२) हे कलम शिल्लक आहे, पण ते दाखवायची मेहनत आता अर्जदाराची. नामंजुरीच्या कागदावर सही कुणाची होती? वैयक्तिक! मावशीचं कर्ज? ते सातबाऱ्यावर, या, बघा!

वाढवण बंदराचंही थोडं लिहितो, कारण मावशी विचारणारच. बंदर हवं की नको यावर आमच्या घरातच दोन तट आहेत, तो वाद आज नको. डहाणूच्या पर्यावरणासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ मध्ये प्राधिकरण नेमलं गेलं, न्यायमूर्ती धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. त्याच प्राधिकरणाने १९९८ मध्ये या बंदराला नाही म्हटलं आणि ३१ जुलै २०२३ ला, धर्माधिकारी गेल्यानंतर, हो म्हटलं. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटींच्या खर्चाला मान्यता दिली, ३० ऑगस्टला भूमिपूजनही झालं. त्याआधी १९ जानेवारी २०२४ ला जनसुनावणी झाली होती. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे अशा वेळी स्थानिक भाषेत काय द्यावं लागतं? अहवालाचा फक्त सारांश. समुद्राच्या प्रवाहाचं, माशांच्या पैदाशीचं, गाळाचं जे खरं गणित असतं, ते इंग्रजीतल्या जाड अहवालात. ज्याचं जाळं त्या पाण्यात पडतं त्याला सारांश, आणि ज्याने तो समुद्र पाहिलाही नाही त्याला सगळा अहवाल. पर्यावरण मूल्यांकनाच्या नव्या नियमांचा मसुदा सगळ्या राजभाषांत उपलब्ध करा, असं दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० ला केंद्राला सांगितलं होतं. न्यायालयाला जे सहज पटलं, ते सचिवालयाला का पटू नये?

*

आता 'जागरूकता नाही' या लाडक्या आव्हानाकडे येतो.

२३ मे १९४५. तलासरी तालुक्यातलं झरी गाव. गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या किसान सभेने बोलावलेल्या परिषदेला हजारो वारली आले. त्यातल्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. तिथून ते एक आकडा घेऊन गेले : रोज बारा आणे. त्याखाली सावकाराच्या शेतात काम नाही, आणि वेठ तर नाहीच नाही. तो आकडा कुठल्या साईटवर नव्हता, त्याचा नकाशा नव्हता, पण पाड्यापाड्यावर प्रत्येकाच्या तोंडी होता. आणि त्या आकड्याच्या जोरावर माणसांनी पिढ्यान् पिढ्यांची वेठ मोडली.

हे त्या चर्चासत्रातल्या वक्त्यांना सांगायचं राहून गेलं. बाबांनो, या मातीतल्या माणसांना आकडे कळतात. त्यांच्या कामाचा एक आकडा द्या, त्यांच्या बोलीत द्या, आणि मग मजा बघा. कळत नाहीत ते तुमचे आकडे, कारण ते त्यांच्यासाठी बनवलेलेच नाहीत.

आणि यासाठी नवं धोरण, नवं पोर्टल, नवा कक्ष, काहीच लागत नाही. २००५ चा माहिती अधिकार कायदा उघडा, कलम ४ वाचा. कुणी अर्ज न करता माहिती आपणहून जाहीर करा, असं त्यात म्हटलंय. निर्णयाने ज्याचं बरंवाईट होणार त्याला निर्णयाची कारणं द्या, असं म्हटलंय. स्थानिक भाषेत आणि त्या भागात पोचेल अशा रीतीने द्या, असंही म्हटलंय. वीस वर्षं झाली! राजस्थानने सप्टेंबर २०१९ मध्ये जन सूचना पोर्टल काढून निदान दार तरी उघडलं. आणि त्याच्या कितीतरी आधी तिथल्या मजूर-शेतकऱ्यांनी जनसुनावण्यांमध्ये हजेरीपट मोठ्याने वाचून घेतले, गावच्या भिंतींवर रंगवून घेतले. इंटरनेट नव्हतं, भिंत होती.

म्हणून मला मागायचं ते एवढंच.

एक. पाड्यापर्यंतचा आकडा द्या, पण माणसाचं नाव काढून. अंगणवाडीत किती मुलांचं वजन कमी, उपकेंद्रात किती दिवस नर्स होती, आश्रमशाळेची इमारत कधी तपासली. जिल्ह्याची सरासरी तुमच्याकडेच ठेवा.

दोन. प्रत्येक वनहक्क दाव्याचा नंबर, तो आज कुठल्या टेबलावर आहे, कधीपासून आहे, आणि नामंजूर असेल तर कारण. नाव नको, नंबर पुरे. ज्याचा आहे त्याला नंबर पाठ असतो.

तीन. माझा सातबारा बघायचा तर बघा, पण कुणी बघितला ते मलाही दिसू द्या. एस्टोनियासारख्या छोट्याशा देशात सरकारी यंत्रणेने आपली माहिती कधी उघडली, ते नागरिकाला ऑनलाईन दिसतं. काच ठेवायची तर दोन्ही बाजूंनी आरपार ठेवा.

चार. हे सगळं २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मोठ्याने वाचा आणि भिंतीवर रंगवा. इथल्या कित्येकांना मराठीसुद्धा शाळेत गेल्यावर भेटते, घरात वारली बोलतात. तेव्हा वाचणारा माणूस गावचाच असू द्या. पेसात ग्रामसभेला एवढा मान दिलाय, तर तिला निदान वाचायला काहीतरी द्या!

खर्च किती येईल? एका चर्चासत्राच्या बिस्किटांत दोन-चार भिंती तर नक्की रंगतील.

असो. बरंच लांबलं. परवा मावशीकडे फोन केला तेव्हा काका तिथेच होते. म्हटलं, तुमच्यावर लिहितोय, चालेल ना? नाव घालणार नाही. ते हसले. म्हणाले, "नाव घाला की. माझं नाव काय, सगळ्या यादीत आहेच. कारण मिळालं तर तेवढं लिवा."

ते अजून मिळालेलं नाही. पुढच्या महिन्यात दुसऱ्या अपिलाचे कागद घेऊन जातोय. या खेपेला वाडीतले तिघं-चौघं सोबत येणार आहेत, प्रत्येकाच्या हातात आपापल्या दाव्याचा नंबर. साहेब मीटिंगला गेले असले, तर आम्ही बाहेरच्या बाकावर बसून राहू.